एकवीस पत्री आणि दोन ससे

चौथीची परीक्षा झाली आणि माझी शाळा संपली. चौलात मुलींची शाळा तिथवरच होती. पुढे शिकायचं तर रेवदंड्याला नाहीतर अलिबागला जायला हवं, आणि तिथे मुलगे जात. त्या उन्हाळ्यापासून माझे पाय एका जागी ठरेनासे झाले. ओटी झाडून झाली की मागचं दार, मागच्या दारी भांडी घासून झाली की वाडी, वाडीत पडलेल्या सुपाऱ्या वेचून झाल्या की परत ओटी. आई म्हणायची, "यमे, बूड टेक गं कुठेतरी. तुला बघून मला भोवळ येते." बसायला माझी ना नव्हती, पण बसून करायचं काय? म्हणून मी याद्या करायला लागले. आमच्या वाडीत कोणत्या ओळीत किती पोफळी आणि त्यांतल्या वठलेल्या किती, फडताळात कोणत्या फळीवर कोणती बरणी, आळीत कोणाच्या गाई दुभत्या आणि कोणाच्या भाकड. आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठी मी यासाठी जपून ठेवत असे आणि त्या शिवून वही करत असे. माझे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्या घरी चित्रगुप्त जन्माला आलाय." आईला अक्षरओळख नव्हती. पत्र आलं की ती पदराला हात पुसत यायची आणि मी वाचून दाखवायची, आणि वाचून झाल्यावर ती तो कागद उलटसुलट करून एकदा बघायची, जसं काही मी एखादी ओळ गाळली असावी.

पत्रं यायची ती बहुतेक अंबूआत्याची. ही भाऊंची धाकटी बहीण. ऐन विशीच्या आत कपाळ पांढरं झालं, आणि पुढे हट्टाने शिकून ती मुंबईत मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. त्या वर्षी मेच्या सुटीत ती रेवदंड्याच्या बंदरात उतरली ती एका हातात वळकटी आणि दुसऱ्या हातात झाकणाची वेताची करंडी घेऊन. करंडीत दोन ससे होते. कोणा विद्यार्थिनीने दिलेले, आणि गिरगावातल्या तिच्या खोलीत शेजाऱ्यांनी ठेवू न दिलेले. एक पांढरीशुभ्र मादी, ती ढवळी. एक मातकट रंगाचा नर, तो भुऱ्या. बरोबर आणखी एका टोपलीत शोभेची रोपटी होती. रंगीत पानांचा क्रोटन, लाल ठिपक्यांचं अळू, आणि हिरव्या बोटांसारखा दिसणारा शेर. रॉकेलच्या डब्यांत लावून तिने ती आमच्या पडवीत ओळीने मांडली. "मुंबईत हल्ली घरातच झाडं ठेवतात," ती म्हणाली. भाऊ म्हणाले, "तिथे बाहेर जागा नाही म्हणून. आमच्याकडे बाहेर सगळी वाडी पडलीय." पण डबे त्यांनी हलवले नाहीत.

जायच्या आदल्या दिवशी आत्याने भाऊंना जेवताना गाठलं. पानात आमटी-भात असला की भाऊ कशालाही हो म्हणत, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

"दादा, यमूला मी माझ्याकडे शिकायला नेते."

"पोरीला? मुंबईत? तिला धड एका जागी बसता येत नाही."

"जबाबदारी घेता येते की नाही ते बघू. हे दोन ससे तिच्या ताब्यात देते. दिवाळीपर्यंत दोन्ही धडधाकट राहिले, तर तिला नेणार, आणि तू मोडता घालायचा नाहीस. कबूल?"

भाऊ हसले. "आमच्या पावसात ससा टिकतोय होय! कबूल."

मी दाराआड उभी होते. ते हसून म्हणाले याचं मला काही वाटलं नाही. कबूल म्हणाले एवढं मी ऐकलं आणि त्याच दिवशी सशांची यादी सुरू केली.

पडवीच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, सशांची पेटी ठेवली. भाऊंनीच ती फळकुटांची करून दिली, पिल्लांचं लेंढार नको म्हणून मध्ये फळी घालून दोन कप्पे केले, वर बोटबोट फट ठेवून पट्ट्या मारल्या. तळाला भाताचा पेंढा. सकाळी दूर्वा आणि आघाडा, दुपारी मुळ्याचा पाला मिळाला तर तो, संध्याकाळी ओलं गवत पुसून, कारण ओल्या गवताने पोट फुगतं असं आत्या बजावून गेली होती. मृगानंतर कोरडं गवत म्हणजे आमच्याकडे सोनंच. मी ते चुलीशेजारी पसरून वाळवायची आणि आईच्या शिव्या खायची. ससे आवाज करत नाहीत असं लोक म्हणतात. ते खरं नाही. त्यांना काही खुपलं, कुत्रं आलं, साप सरकला, तर ते मागचा पाय पेटीच्या तळावर आपटतात. धप्. एकच. मग कान ताठ करून थांबतात. पावसात घर बंद असे, कौलांवर पोफळीची वाळकी झावळी सपकन पडे, समुद्र दिवसभर घुमत राही, आणि मधूनच पडवीतून धप्. मी हातातलं काम टाकून धावायची. कधी मुंगूस असे, कधी काहीच नसे. मलाही तसाच पाय आपटावासा वाटायचा.

आषाढात भुऱ्याने घात केला. त्याचा कप्पा साफ करताना मी त्याला पडवीत मोकळं सोडलं होतं. पाणी आणून बघते तर हा त्या लाल ठिपक्यांच्या अळवाशी. पानाला चंद्रकोरीएवढा तुकडा नव्हता, याच्या तोंडातून लाळ गळत होती, आणि दोन्ही पंजांनी तो तोंड पुसतच होता, पुसतच होता. मी ओरडले. आमच्या वाडीत कामाला येणारी राही सुपाऱ्या सोलत बसली होती, ती आली. तिने भुऱ्याला काखेत दाबला, ओल्या फडक्याने त्याचं तोंड आतून पुसलं आणि म्हणाली, "वाचला. चरचरलं म्हनून थुकला. गोड लागला असता तर मेला असता."

भाऊ ओटीवरून म्हणाले, "जनावराला कळतं गं आपोआप. शेळी कधी कण्हेरीला तोंड लावते का?"

राही त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर नीट करायची, पण बोलायची थांबायची नाही. "भाव, शेलीला तिची आय शिकवते, रानात फिरता फिरता. पेटीतल्याला कोन शिकवील? त्याला जे म्होरं येल तो पाला."

ते वाक्य मी मनात लिहून ठेवलं, आणि त्याच दुपारी राहीला पुढे घालून सगळी वाडी, पडवी आणि परस पालथं घातलं. ती बोट दाखवी, मी लिही. कण्हेर, पांढरी आणि तांबडी दोन्ही. धोत्रा. रुई. शेर. ठिपक्यांचं अळू. घाणेरी. गुंजेचा वेल. कळलावी. एरंड. कोंब आलेला बटाटा, हा तिने स्वयंपाकघरातल्या टोपलीत बघून सांगितला. क्रोटनजवळ ती थांबली. "ह्याचा मला ठावं न्हाय. ठावं न्हाय तो पन लिव्ह." अकरा नावं झाली. पडवीतले तिन्ही डबे मी उचलून विहिरीपलीकडे नेले. यादी मोठ्या, ठसठशीत अक्षरांत नक्कल केली, वर 'सशांना हे घालू नये' असं लिहिलं आणि भाताच्या पेजेने पेटीच्या वर भिंतीला चिकटवली, येता-जाता कोणाच्याही नजरेला पडेल अशी. मला वाटलं, झालं. सगळ्या वाटा बंद केल्या.

हल्ली माझ्या मुलाच्या घरी गॅलरीत दहाबारा कुंड्या आहेत, आणि गेल्या वर्षी नातवाने ससा मागितला. मी म्हटलं, आधी कुंड्यांची नावं लिहून आण. त्याने लिहून आणली. मी म्हटलं, आता ती घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखव, कामाला येणाऱ्या बाईंनासुद्धा. तो म्हणाला, आजी, फ्रिजवर लावतो की. त्यावर मी त्याला जे बोलले ते जरा जास्तच झालं. त्याचं कारण पुढे येतंय.

गणपती आले. आमच्याकडे दीड दिवसांचा. पत्री गोळा करणं हे मुलांचं काम, आणि दर वर्षी एकवीसपैकी तेराचौदा मिळत, उरलेल्यांच्या जागी गुरुजी अक्षता वाहून मोकळे होत. त्यांना आळीतली सगळी घरं उरकायची असत. त्या वर्षी मी ठरवलं, एकवीसच्या एकवीस. आत्या येणार होती. पावसात रेवदंड्याची बोट बंद, म्हणून ती धरमतरवरून बैलगाडीने चिखल तुडवत येणार होती, आणि तिने आल्या आल्या बघावं की या मुलीने हातात घेतलेलं काम पुरं होतं. माका, बेल, शमी, आघाडा, डोरली, मरवा, हादगा, केवडा, विष्णुक्रांता. आठ दिवस मी कुंपणं धुंडाळली. देवदार तेवढा आमच्या किनाऱ्यावर कुठून मिळणार, पण आळीतल्या एका घरी हिमालयात जाऊन आलेल्या कोणी आणलेली वाळकी काडी होती, तिचा तुकडा मी मागून आणला. प्रत्येक जात निराळ्या दोऱ्याने बांधली आणि किती पानं ते वहीत मांडलं. चतुर्थीला सकाळी गुरुजी एकेक नाव घेत गेले आणि मी एकेक जुडी पुढे करत गेले. शेवटाला त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "वा! इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुऱ्या झाल्या हो." आत्या माझ्या मागेच बसली होती. माझ्या पाठीला तिची नजर जाणवत होती आणि पाय मांडीखाली वळवळत होते.

त्याच सकाळी सशांना दूर्वा घालताना मला भिंतीवरच्या यादीवर कुंकवाचं बोट उमटलेलं दिसलं. कोणाचा तरी पूजेचा हात लागला असेल, असं मला वाटलं. मी पुसायला गेले नाही.

दुसरा दिवस ऋषिपंचमीचा. आईचा उपास, आणि वर घरभर ऋषीची भाजी. बैलाच्या मेहनतीचं काही त्यात चालत नाही, म्हणून परसातला सगळा पाला आणि फळं. अळू, चवळई, भेंडी, दोडका, लाल भोपळा, चिंचेचा कोळ. पडवीत पाटावर देठांचे ढीग, चिरल्याचा हिरवा वास, आईच्या हातांना अळवाची खाज. त्यातच विसर्जनाची गडबड. भरती दुपारची, आणि आळीतले सगळे गणपती एकदम निघायचे. भाऊंनी उत्तरपूजा आटपली, मूर्तीवरची फुलं-पत्री उतरवून टोपलीत भरली आणि टोपली आईच्या हाती दिली. निर्माल्याला पाय लागता कामा नये. पडवी देठांनी भरलेली, ओटीवर पाहुण्यांच्या चपला, देवघरात नैवेद्याची ताटं. माझ्या हातात आरतीचं तबक होतं. झांजा सुरू झाल्या. मध्येच पडवीतून धप् ऐकू आलं. मग पुन्हा. झांजांच्या ठेक्यात ते मिसळून गेलं आणि मी तबक धरून उभी राहिले. ती दोन-तीन मिनिटं मी आजवर कितीदा परत जगले आहे ते मांडायला कोणतीच यादी पुरणार नाही.

"यमे, निर्माल्य घे!" भाऊ मूर्ती दोन्ही हातांत धरून दारात उभे राहिले. मी पडवीत गेले. टोपली सशांच्या पेटीवर होती. घरात कोणाचा पाय पोचणार नाही अशी ती एकच जागा. टोपलीच्या खालच्या विणीतून आणि पेटीच्या फटींतून पानं आत ओढून घेतलेली होती. भुऱ्या एका कोपऱ्यात आघाड्याची काडी चघळत होता. ढवळी पेंढ्यात लांब होऊन पडली होती, आणि तिचं अंग राहून राहून उडत होतं.

मी टोपली पडवीत पालथी केली.

"अगं, काय करतेस! निर्माल्य जमिनीवर?" भाऊ ओरडले. बाहेर कोणी म्हणालं, "चला हो, भरती लागली!" मी ऐकत नव्हते. वही उघडली. डाव्या पानावर पत्रींची यादी होती, उजव्या पानावर सशांची. तीन नावं दोन्हीकडे होती, समोरासमोर, माझ्याच अक्षरात. मी पानं वेगळी करत गेले. धोत्र्याची दोन वाहिली होती, दोन सापडली. रुईची तीन, तीन. कण्हेरीची पाच. सापडली तीन. पेटीत हात घातला, पेंढा उपसला, अर्धं कुरतडलेलं एक निघालं. उरलेलं दीड पान ढवळीच्या पोटात होतं.

राही माझ्या शेजारी येऊन बसली. तिने ढवळीचं तोंड उघडून बोट फिरवलं, मग हात पुसला. "सशाला वांती व्हत न्हाय, बाय. खाल्ला तो खाल्ला." तिने ढवळीला माझ्या मांडीवर ठेवलं. भाऊ मूर्ती घेऊन गेले, त्यांना जावंच लागलं. 'पुढच्या वर्षी लवकर या' असं रस्त्यावरून ऐकू येत होतं. ते परत आले तेव्हा ढवळी गार झाली होती, आणि ओलं धोतर सावरत ते म्हणाले, "दोन म्हणाली होतीस, अंबे. एक राहिला."

तेव्हा मी ते बोलले. शाळा डोळ्यांसमोरून निघून चालली होती, आणि मला तिला कशाने तरी अडवायचं होतं. "मी नाही. टोपली आईने ठेवली."

आई चुलीशी होती. हातातला डाव तिने खाली ठेवला आणि उंबऱ्यात आली. भाऊंनी तिच्याकडे बघितलं. सणाच्या दिवशी, उपाशी बाईला, आलेल्यागेलेल्यांसमोर ते जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. ते निवळले तेव्हा आत्याने मला विचारलं, "कोणता पाला घालायचा नाही, ते आईला माहीत होतं?"

"भिंतीवर लावलंय की. एवढ्या मोठ्या अक्षरांत."

"वाचून दाखवलं होतंस?"

आईच भिंतीजवळ गेली आणि त्या कागदाकडे बघत राहिली. "मला वाटलं," ती म्हणाली, "पोरीने सशांच्या रक्षणाचा मंत्र लिहून लावलाय. मी काल त्याला कुंकू लावलं. त्याच्या पायथ्याशी देवाची टोपली ठेवली तर बरंच, असं वाटलं मला."

मला रडू आलं नाही. मला पळत सुटावंसं वाटत होतं आणि मांडीवर ढवळी होती.

आत्या म्हणाली, "दादा, अट मोडली. मी शब्द मागे घेते."

यावर आई बोलली. भाऊंसमोर तिला इतकं सलग बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "का मागे? चूक माझी, आणि शाळा हिची जायची? टोपली मी ठेवली. मला वाचता येत नाही म्हणून ठेवली. हिला घरात ठेवून ढवळी उठून बसणार आहे का?" मग ती आत गेली, आणि आम्हाला फक्त चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज आला.

भाऊ बराच वेळ सुपारी कातरत बसले. रागावले की ते सुपारी कातरत, खात नसत. शेवटी अडकित्ता मिटून म्हणाले, "दिवाळीला बघू. उरलेला टिकला तर टिकला." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीच्या वाश्यात त्यांनी डोक्याच्या वर एक भक्कम खुंटी ठोकली. कशासाठी ते कोणाला सांगितलं नाही.

आत्या गेल्यावर पेटीपुढे बसून मी आईला यादी वाचून दाखवली. एकदा, दोनदा, रोज. आश्विनात ती म्हणाली, "नुसतं ऐकवू नकोस. बोट ठेवून दाखव." मी धूळपाटी काढली आणि गमभन सुरू करायला गेले, तर तिने हात आडवा घातला. "मला ह्यातलंच शिकव. कामापुरतं. बाकीचं तू मुंबईला जाऊन शीक." म्हणून माझी आई 'क' शिकली ती कण्हेरीचा, 'ध' शिकली ती धोत्र्याचा आणि 'र' रुईचा. भांडी घासताना राखेत बोट फिरवायची, कोणी आलं की पुसून टाकायची. मी तिची क्षमा मागितली नाही. कशी मागायची ते मला माहीत नव्हतं, आणि तिने कधी तसा विषय काढला नाही. भुऱ्या एकटा पडला होता. कोणी जवळ आलं नाही तरी पाय आपटायचा.

दिवाळीला आत्या आली, भाऊंनी भुऱ्याला कानांमागे खाजवलं, आणि भाऊबीजेनंतर माझी ट्रंक रेवदंड्याच्या बंदराकडे निघाली. भुऱ्या आईपाशी राहिला. तो पुढे तीन वर्षं जगला.

निघायच्या सकाळी मी शेवटचं गवत घालायला पडवीत गेले. टोपली वर खुंटीला लटकत होती. भिंतीवरच्या कागदावर, अकराव्या नावाच्या खाली, कोळशाने आणखी एक ओळ होती. अक्षरं एकमेकांपासून फटकून उभी, डोक्यावर रेघ नसलेली, शेवटचं अक्षर जागा न उरल्याने खाली उतरलेलं. मी कागद भिंतीवरून सोडवून घेतला. तो अजून माझ्या ट्रंकेत आहे, कुंकवाच्या बोटासकट. वर माझ्या अकरा ओळी आहेत, काय घालू नये त्याच्या. खाली आईची एक.

टोपली खुंटीला.